सत्तेचाळीस मिनिटे

मी एक पेटी बोलतेय. लाकडाची आहे, वीतभर उंच आणि दीड वीत लांब. पुढे पितळी खटका, माथ्यावर तीन सरकत्या पट्ट्या. खटका दाबला की टक् असा आवाज येतो, पट्ट्या मागेपुढे होतात, आणि मला हलवले की आत काहीतरी गडगडते. कुणालाही वाटावे, आता उघडेल. पण मी उघडत नाही. कधीच उघडले नाही. बिघाड वगैरे काही नाही, मला बनवलेच तसे आहे. हवे तर जन्मजात लबाड म्हणा. मी ते मनाला लावून घेत नाही, म्हणजे पूर्वी घेत नव्हते.

मला घडवले एका सुताराने. तो विद्यापीठातली मोडकी बाके दुरुस्त करायचा. एके दिवशी आमचे सर त्याच्याकडे कागदावर चित्र काढून घेऊन गेले. सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हा अडतीस वर्षांचे होते, सडपातळ, बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची सवय. सुताराने तो कागद उभा धरला, आडवा धरला आणि विचारले,

"उघडायची कुठून ही?"

"उघडायचीच नाही."

"मग सर, ओंडकाच ठेवा की टेबलावर. पेटी कशाला?"

सर हसले. त्यांनी त्याला समजावून सांगितले की ही पेटी लहान मुलापुढे ठेवायची, उघड म्हणायचे, आणि मदत मागेपर्यंत ते किती वेळ एकटे झटते ते मोजायचे. सुताराला हे काही रुचले नाही. लेकरांना फसवायचे काम दिसतेय, असे तो पुटपुटला. पण हात त्याचा साफ होता. तीन दिवसांत त्याने मला उभी केली. झाकण कायमचे चिकटवून टाकले, सांध्यावर नुसती एक रेघ ठेवली आणि त्याआधी माझ्या पोटात काचेची एक गोटी सोडली. चाळीस वर्षांच्या कामात असले वेड्यासारखे काम आपण पहिल्यांदाच केले, असे तो जाताना म्हणाला.

सरांनी त्याला माझ्यासारखीच हुबेहूब दुसरी पेटीही करायला सांगितली होती, मात्र ती उघडणारी हवी होती. त्यामागे सरांचा एक नियम होता. तो मी नीट सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्याशी निगडित आहे. कोणतेही मूल या खोलीतून हरल्यासारखे घरी जाता कामा नये, असा तो नियम. प्रयोग संपला की आत जायचे, मुलाशेजारी बसायचे आणि सांगायचे, "ही पेटी उघडतच नाही. चूक तुझी नव्हती, लबाडी आमची होती." मग दुसरी पेटी पुढे करायची. ती एका बोटाने उघडायची. आत शिट्टी असायची आणि मूल ती वाजवत घरी जायचे. याला सर 'उलगडा' म्हणत. प्रत्येक मुलाच्या नोंदीच्या कागदावर शेवटचा रकाना उलगड्याचा होता, आणि तिथे बरोबरची खूण केल्याशिवाय तो कागद फाइलमध्ये जायचा नाही.

त्या दुसऱ्या पेटीला मी धाकटी म्हणायचे. राबायचे मी आणि लाड व्हायचे तिचे. मुले तिला छातीशी धरायची, माझ्याकडे मात्र जाता जाता रागाने बघायची. जाऊ दे, बहिणीबहिणींत हे चालायचेच.

आमची खोली लहानशी होती. एक बुटके टेबल, एक बुटकी खुर्ची आणि समोरच्या भिंतीत काच. आतून पाहिले तर ती आरसा होती आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून पाहिले तर खिडकी. तिथे सर हातात घड्याळ घेऊन बसायचे. त्यांच्याशेजारी त्यांच्या मदतनीस बाई असायच्या. त्या सगळे टिपून ठेवायच्या, अगदी मुलाने नाक कितीदा पुसले तेसुद्धा, म्हणून विद्यार्थी त्यांना टिपणबाई म्हणत. बाई कडक होत्या. जे झाले तेच लिहायचे, व्हायला हवे होते ते नाही, असा त्यांचा खाक्या होता.

खरे काम सुरू होण्याआधी एकदा रंगीत तालीम करून पाहायची ठरली. त्या दिवशी सरांच्या पत्नीची टेलिफोन कचेरीत सकाळची पाळी होती, म्हणून सर मुलीला बरोबर घेऊन आले. तिला सगळे चिंगी म्हणत. सहा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक सुटत आलेली. सरांना वाटले, बाहेरचे मूल कशाला शोधायचे, हिलाच बसवू. टिपणबाईंनी कागदावर क्रमांकाच्या जागी शून्य लिहिले. तालीम होती ना, मोजणीत धरायची नव्हती.

बाईंनी तिला आत आणून माझ्यापुढे बसवले. मदत लागली तर नुसती हाक मार, मी लगेच येईन, असे सांगून त्या बाहेर गेल्या.

चिंगीने आधी मला हलवून पाहिले. मग खटका दाबला, पट्ट्या सरकवल्या. मग मला उलटी करून माझी पाठ बराच वेळ न्याहाळली. कडेने बोट फिरवत गेली, पुन्हा फिरवत आली. मग तिने मला सरळ ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खटका, पट्ट्या, खटका. घाई नाही, चिडचिड नाही, रडे तर नाहीच. मधूनच आरशात बघून वेणी सारखी करायची आणि परत माझ्याकडे वळायची. काचेपलीकडे सरांचे खाकरणे ऐकू येत होते. अर्धा तास झाला. मला स्वतःचीच लाज वाटू लागली. एवढेसे पोर, आणि आपण ठोंब्यासारखे गप्प.

शेवटी सरांच्या तासाची घंटा झाली म्हणून त्यांनीच घड्याळ थांबवले. सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. ते आत आले ते जवळजवळ धावतच, आणि त्यांनी तिला उचलूनच घेतले.

"सत्तेचाळीस मिनिटं, आणि एकदाही हाक मारली नाहीस. शाब्बास चिंगे."

"उघडली नाही, बाबा," ती म्हणाली.

पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलेच नाही. ते बाईंना सांगत होते की मोठ्या माणसालाही एवढा वेळ जमणार नाही. बाईंनी विचारले, "सर, हिचा उलगडा?" धाकटी अजून सुताराकडेच होती, तिचे रोगण वाळायचे होते. सर म्हणाले, "मी सांगतो घरी गेल्यावर." आणि तिला कडेवर घेऊन ते तासाला गेले. जाताना चिंगीने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

सांगायचे ते विसरले. पुढच्या आठवड्यात बाईंनी आठवण केली तेव्हा म्हणाले, अरे हो, आज नक्की. त्यानंतरही एकदा तेच झाले. मग धाकटी आली, मुलांची रीघ लागली आणि बाईंनीही विचारणे सोडले. मात्र त्यांनी तो रकाना कोराच ठेवला. स्वतःच्याच मुलीला सांगायचे राहून जावे यात दुष्टपणा काही नव्हता. घरच्यांना आपण सगळ्यात शेवटी सांगतो, कारण ते कुठे पळून जाणार आहेत, असे आपल्याला वाटत असते.

त्यानंतर अकरा वर्षे माझी अशीच गेली. तीनशे बारा मुले माझ्यापुढे बसली. एकीने मला गाणे म्हणून दाखवले. एकाने माझी खरडपट्टी काढली, अगदी बापाच्या आवाजात. एकाने खटका चावला, त्याच्या दाताची खूण अजून आहे. काही मुले दोन मिनिटे खटपट करून सरळ "काकू, या ना" अशी हाक मारायची आणि खुशाल पाय हलवत बसायची. सरांच्या कागदावर त्यांचे गुण कमी भरायचे. खरे सांगू, मला तीच पोरे शहाणी वाटायची. पण पेटीला कोण विचारतो.

एक गोष्ट टिपणबाईंच्या ध्यानात आली होती. सरांना मधूनमधून बैठकांना जावे लागे, तेव्हा काचेमागे एकट्या बाईच असत. बाईंचा स्वभाव असा की त्या श्वाससुद्धा आवाज न करता घ्यायच्या. अशा दिवशी मुले लवकर कंटाळायची. पाच मिनिटांत हाक मारायची किंवा मला सोडून दाराशी जायची. सर असले की मात्र आरशाकडे बघत बघत झटत राहायची. बाईंनी हे कागदांच्या समासात लिहून ठेवले आणि सरांना दाखवलेही. सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले आणि म्हणाले, "योगायोग असेल. अशी मुलं किती, बोटांवर मोजण्याइतकी." विषय तिथेच संपला.

पुढे ती मुले मोठी झाली तेव्हा सरांनी त्यांचे शाळेतले गुण गोळा केले. माझ्यापुढे जास्त वेळ बसलेली मुले पुढे होती. मग काय विचारता. त्या निबंधाने सरांचे नाव झाले. परदेशांतून बोलावणी आली. कापसाच्या गादीत गुंडाळून मी विमानातून फिरले, मोठमोठ्या सभागृहांत टेबलावर मिरवले. सर पालकांना सांगायचे, मूल झटत असेल तर मदतीला धावू नका, हात मागे ठेवा. आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. ते बघून सगळे सभागृह हात मागे घेऊन बसायचे. मला हसू यायचे. शेपाचशे मोठी माणसे, शिक्षा झाल्यासारखी.

व्याख्यानाच्या शेवटी चिंगीची गोष्ट ठरलेली असायची. माझी मुलगी सहा वर्षांची असताना सत्तेचाळीस मिनिटे या पेटीशी झुंजली. आज ती अभियंता आहे, जुन्या पुलांना तडे गेलेत का ते तपासते. वसतिगृहात चार वर्षे होती, पण एकदाही फोन करून काही मागितले नाही. टाळ्या पडायच्या. दर टाळीला मला वाटायचे, अहो, तिला अजून सांगितलेले नाही. तिला अजून वाटत असेल की आपल्याला एक पेटी उघडता आली नाही.

सरांच्या पत्नी गेल्या तेव्हा सर एका परिषदेत होते. आजार अचानक बळावला होता. चिंगी नोकरीच्या गावाहून धावत आली होती, तिने दवाखाना, डॉक्टर, रक्त, सगळे एकटीने केले आणि फोनवर वडिलांना सांगितले, आई बरी आहे, तुम्ही तुमचे उरकून या. सर चौथ्या दिवशी आले तेव्हा सगळे संपलेले होते. दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याला ते म्हणाले, पोरीने एकटीने निभावले सगळे, मला ताकास तूर लागू दिली नाही. आवाजात दुःख होते, खोटे कशाला बोलू. पण त्या दुःखात थोडा अभिमानही होता.

चिंगीने लग्न केले ते सरांना माहीत होते. मोडले ते मोडल्यावर सहा महिन्यांनी कळले. तिने सांगितले तेही बोलण्याच्या ओघात, घर बदलल्याचे सांगावे तसे.

सर निवृत्त झाले. प्रयोगशाळा मोडून तिथे संगणकांची खोली झाली. टिपणबाई आधीच सेवेतून मोकळ्या झाल्या होत्या. धाकटी कुठे गेली कळले नाही, शेवटचे पाहिले तेव्हा ती कारकुनाच्या टेबलावर टाचण्या सांभाळत होती. मी आणि फाइलींचे सात गठ्ठे सरांच्या घरी आलो. त्यांच्या अभ्यासिकेत मला खिडकीशेजारी फळी मिळाली. तिथे मी पंधरा वर्षे धूळ खाल्ली. मोलकरीण आठवड्यातून एकदा माझ्यावरून फडके फिरवायची आणि प्रत्येक वेळी खटका दाबून बघायची. सवय हो, दुसरे काय.

मग एका सकाळी चिंगी बॅग घेऊन आली. त्रेचाळीस वर्षांची झाली होती. केस अगदी बारीक कापलेले, गालांची हाडे वर आलेली. म्हणाली, सुट्टी शिल्लक होती, थोडे दिवस राहते. सर खूश झाले. तिला आवडते म्हणून त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढून दिली. केसांबद्दल विचारले तर ती म्हणाली, कामावर धूळ फार, असेच बरे पडते. त्यांनी ते मानले. माणसाच्या मनाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले ते, पण त्यांनी ते मानले.

नवव्या दिवशी घरच्या फोनवर दवाखान्यातून फोन आला. चिंगी अंघोळीला गेली होती. बोलणाऱ्याने विचारले, आपण त्यांचे कोण? सर म्हणाले, वडील. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. नोंदीत जवळचे नातेवाईक म्हणून कुणाचेच नाव लिहिलेले नव्हते, हा नंबर नुसता सध्याचा पत्ता म्हणून दिला होता. मग जे काय सांगितले ते सरांनी उभ्याउभ्या ऐकले. आजाराला अकरा महिने झाले होते. औषधांचे सगळे प्रयोग करून झाले होते. आता फक्त दुखणे कमी करायचे होते.

चिंगी केस पुसत आली तेव्हा सर तसेच उभे होते.

"मला का नाही सांगितलंस?"

तिला लगेच कळले. ती खुर्चीत बसली. "काय झालं असतं सांगून? तुम्हाला उगीच त्रास." बोलण्यात तिरकसपणा अजिबात नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसे ती बोलली.

दुपारी ती झोपल्यावर सर अभ्यासिकेत आले. का नाही सांगितले, का नाही सांगितले, असे स्वतःशी म्हणत त्यांनी फाइली काढायला सुरुवात केली. काय शोधत होते ते त्यांनाही माहीत नसावे. आयुष्यभर प्रश्न पडला की माणूस जिथे जायचा तिथे गेला, एवढेच. पहिल्या गठ्ठ्यातला पहिला कागद हातात आला. क्रमांक शून्य. वय सहा. वेळ सत्तेचाळीस मिनिटे. मदत मागितली: नाही. शेवटचा रकाना त्यांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग ते भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसले. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने असे बसू नये, उठताना फार त्रास होतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला फळीवरून काढले, बाहीने पुसले आणि तिच्या खोलीत नेले. ती जागी झाली होती. त्यांनी मला तिच्या पांघरुणावर ठेवले. माझ्यात तेव्हा काय चालले होते ते कसे सांगू. सदतीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते होत होते.

सरांनी दोनदा घसा खाकरला. "चिंगे, एक राहून गेलंय. ही पेटी उघडतच नाही. चूक तुझी नव्हती. लबाडी आमची होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, अगदी मनापासून.

"मला माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. दहा मिनिटांत कळलं होतं. हिला बिजागरीच नाही. बघा ना मागे. बिजागरीवाचून झाकण उघडेल कसं?"

सरांनी मला उलटी केली. माझ्या पाठीवर नुसती रेघ. सुताराने बिजागऱ्या लावल्याच नव्हत्या, न उघडणाऱ्या पेटीला कशाला लावायच्या. एवढ्या सभा झाल्या, एवढ्या विद्वानांनी मला हाताळले, पण कुणाच्या लक्षात आले नव्हते. माझ्यासुद्धा नाही. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते.

"मग पुढची सदतीस मिनिटं काय करत होतीस?" हा प्रश्न प्राध्यापकाने विचारला. बापाने विचारायला अजून थोडा वेळ लागणार होता.

"तुम्ही काचेमागे होतात ना," ती म्हणाली. "मधेमधे खाकरत होतात, ऐकू येत होतं. मी हाक मारली असती तर खेळ संपला असता आणि तुम्ही गेला असतात. घरी कधी एवढा वेळ बघायचात माझ्याकडे? मी म्हटलं, जोवर ही उघडत नाही तोवर बाबा इथंच." ती थांबली. दम लागला होता. "फार छान दिवस होता तो, बाबा."

सरांनी मला सरळ करून परत पांघरुणावर ठेवले. तीनशे बारा मुले, अकरा वर्षे, सात गठ्ठे, सगळे त्या एका वाक्याने आडवे पडले. आणि त्याहून वाईट म्हणजे, शाब्बास म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली होती ती हाक न मारण्याबद्दल. पोरीने ते शिकून घेतले आणि जन्मभर पाळले. मी इतकी वर्षे समजत होते की तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सांगायची नव्हती, विचारायची राहिली होती.

खिडकीतले ऊन पलंगावरून खाली उतरले तरी दोघे तसेच होते. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, पाठ दुखतेय. उशी जरा वर घेता?"

सर उठले. त्यांना उशी नीट घेता येईना, आधी फार वर घेतली, मग फार खाली. तिने सांगितले तशी ते करत राहिले. शेवटी तिने हूं केले. मला आठवते तेवढ्यात तिने कुणाकडे काही मागितलेले हे पहिलेच.

त्यानंतर सव्वीस दिवस ती होती. ती मागत गेली. पाणी, शाल, खिडकी थोडी लोटा, पायाला तेल लावा, वर्तमानपत्र वाचून दाखवा, आता पुरे, नुसते बसा. काही मागणी तर मला उगीचच काढलेली वाटे, आणि ते बरेही वाटे. सरांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. मी त्या दोघांच्या मधे पांघरुणावर पडून होते. कधी ती सहज माझा खटका दाबायची, टक्, आणि बाप हसायचा. एका दुपारी तिने काही मागितले नाही. सरांनी तिला दोनदा हाक मारली.

पुढे काही महिन्यांनी सरांनी शेवटचे लिखाण केले. दीड पान होते. आम्ही वेळ मोजला, पण मूल कुणासाठी बसले आहे हे विचारले नाही, असे त्यात होते. टिपणबाईंच्या समासातल्या नोंदी त्यांनी शब्द न बदलता त्यांच्या नावानिशी उतरवून काढल्या होत्या. ज्या नियतकालिकाने एके काळी त्यांचा निबंध पहिल्या पानापासून छापला होता, त्याच्याकडूनच ते परत आले. संपादकांनी आदराने लिहिले होते की काम फार जुने आहे, आणि एका मुलीच्या आठवणीला पुरावा म्हणता येत नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. सरांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मीही हेच लिहिलं असतं." माझ्याशिवाय खोलीत कुणी नव्हते, म्हणजे मलाच म्हणाले असावेत.

मग एक दिवस विभागाचे आताचे प्रमुख आले. सरांचेच जुने विद्यार्थी. विभागाला पन्नास वर्षे झाली, त्याचे प्रदर्शन भरवायचे होते आणि त्यासाठी मी हवी होते. सरांनी हरकत घेतली नाही. मला कागदात गुंडाळून त्यांनी प्रमुखांच्या मांडीवर ठेवले. मग दाराशी उभे राहून म्हणाले, "घाई नसेल तर थोडं बसता का? तसं काम काही नाही."

प्रमुख बसले. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. सर दोनदा खाकरले, पण पुढे बोलले नाहीत. सवयीने मी मोजत होते, अकराव्या मिनिटाला प्रमुख उठले. त्यांना बैठक होती. सरांचा हात हातात घेऊन ते प्रेमाने म्हणाले, "सर, तुम्ही खंबीर आहात. निभावून न्याल. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला." सर हो म्हणाले.

आता मी विभागाच्या जिन्यापाशी एका कपाटात आहे. पाटीवर लिहिले आहे, चिकाटी मोजण्याचे साधन. नवे विद्यार्थी येता-जाता थांबतात, कुणी मोबाइलवर फोटो काढतो. पाठ भिंतीकडे असल्याने माझे खरे कुणाला दिसत नाही. माझी काही तक्रार नाही. माझ्याकडून घ्यायचे ते घेऊन झाले.

तुम्ही इथवर ऐकलेत म्हणून एक मागते. मला उघडायचा प्रयत्न करू नका, गंमत म्हणूनही नको. फाटकातून बाहेर पडलात की डावीकडे वळा, दुसऱ्या गल्लीत शेवटचे घर, तळमजला. दार लोटलेले असते, कडी लावणे सरांनी सोडले आहे. हाक मारून आत जा. ते खुर्ची देतील आणि काय काम काढलेत म्हणून विचारतील. काही काम नाही म्हणा. ते गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. आणि आधी उठू नका. ते म्हणतील, बराच वेळ झाला, आता निघा तुम्ही. तरी थोडे बसा.